चेक्सचा शर्ट, सोललेली गिटार आणि वाट बघणारे आपण

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेपटाला मी सहज लिहून गेलो की आयरिश गिटारिस्ट रोरी गॅलाहरवरच्या नव्या पुस्तकाची मी लहान पोरासारखी वाट बघतोय, आणि मग काय, पत्रांचा नुसता पूर. मला वाटायचं हे वेड असलेले आपण आठ-दहा जण असू आणि तेही सगळे माझ्या वयाचे, गुडघे धरून उठणारे, पण नाही हो, कॉलेजातली पोरंपोरी पण आहेत. म्हणून यावेळचा सगळा कॉलम रोरीचा. ज्यांचे बाकीचे प्रश्न राहिलेत त्यांनी महिनाभर दम धरा, रागावू नका.

काका, घरात या पुस्तकाची चर्चा ऐकून ऐकून माझे कान किटलेत. भाऊ रोज उठून विचारतो आलं का, आलं का. मला एवढंच सांगा, हा माणूस कोण? भावाला विचारलं तर म्हणतो तुला लाज वाटली पाहिजे. — एक वैतागलेली बहीण

लाज कसली त्यात, उलट तुझ्या भावाला लाज वाटली पाहिजे, एवढी चांगली गोष्ट सांगायची संधी घालवली त्यानं.

विल्यम रोरी गॅलाहर, जन्म 2 मार्च 1948, आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातलं बॅलीशॅनन गाव. जन्मला त्या हॉस्पिटलचं नाव रॉक हॉस्पिटल, आणि वडील तिथल्या नदीवर वीज प्रकल्पाचं काम चाललं होतं त्यावर कामाला, म्हणजे रॉक आणि इलेक्ट्रिक दोन्ही पाळण्यातच, हे मी बनवून सांगत नाहीये. वाढला मात्र कॉर्कमध्ये. पंधरा-सोळा वर्षांचा असताना शोबँडमध्ये वाजवायला लागला. शोबँड म्हणजे हॉलमध्ये लोक नाचायला यायचे तेव्हा चालू हिट गाणी वाजवणारी सुटाबुटातली मंडळी. मग 1966 ला स्वतःचा टेस्ट नावाचा बँड काढला, 1970 च्या शेवटी तो फुटला, आणि 1971 पासून स्वतःच्या नावाने सुरू झाला तो शेवटपर्यंत. ब्लूज आणि रॉक, चेक्सचा शर्ट, जीन्स, केस कपाळावर, आणि स्टेजवर असा काही सुटायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. 1972 ला मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी एरिक क्लॅप्टनसकट सगळ्या गिटारिस्टना मागे टाकून याला पहिला नंबर दिला.

मग तू नाव का ऐकलं नाहीस? कारण यानं सिंगल काढायलाच नकार दिला. त्या काळात तीन मिनिटांचं गाणं सिंगल म्हणून काढायचं, ते रेडिओवर वाजायचं, मग टीव्हीवर जायचं, असा रस्ता होता. रोरी म्हणायचा की माझी गाणी कापायची नाहीत. कंपनीवाले डोकं आपटून घ्यायचे. त्यामुळे घराघरात नाव झालं नाही, पण ज्यानं एकदा ऐकला तो सुटला नाही, उदाहरणार्थ तुझा भाऊ.

गॅलाघर की गॅलाहर? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालंय.

लिहिताना मधे जी आहे पण आयरिश लोक तो बोलत नाहीत. गॅलाहर. भांडण मिटवा.

काका, पुस्तकात जिमी हेंड्रिक्सचं ते फेमस वाक्य पहिल्याच पानावर असणार ना? पत्रकारानं विचारलं जगातला सगळ्यात भारी गिटारिस्ट असल्यावर कसं वाटतं, आणि हेंड्रिक्स म्हणाला ते रोरी गॅलाहरला विचारा. मी ते टीशर्टवर छापून घेतलंय.

अरे बाबा टीशर्ट घाल, छान दिसत असेल, पण पुस्तकात ते वाक्य पहिल्या पानावर दिसलं तर माझा निम्मा उत्साह तिथेच जाईल. कारण त्याचा पत्ताच कुठे नाही. ना टेप, ना त्या काळातलं छापील काही. आणि गंमत म्हणजे हाच किस्सा, हाच पत्रकार, हाच हेंड्रिक्स, फक्त शेवटचं नाव बदलून शिकागो बँडच्या टेरी कॅथबद्दल सांगतात, फिल कॅगीबद्दल सांगतात, झीझी टॉपच्या बिली गिबन्सबद्दल पण सांगतात. हेंड्रिक्स बिचारा आयुष्यभर हेच एक उत्तर देत फिरत होता असं वाटावं. रोरीला तो किस्सा चिकटायला निमित्त बहुतेक इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या संगीत महोत्सवाचं. ऑगस्ट 1970 च्या त्या महोत्सवात टेस्ट पण वाजले आणि दोन-तीन दिवसांनी हेंड्रिक्स पण वाजला, त्यानंतर तीन आठवड्यांत 18 सप्टेंबरला हेंड्रिक्स गेला. एकाच मैदानावर दोघं होते म्हटल्यावर लोकांनी मधला पूल स्वतः बांधला.

मला राग याचा येतो की रोरीला असल्या उसन्या सर्टिफिकेटची गरजच नाहीये, खरे किस्से ढीगभर पडलेत. डिसेंबर 1971 ला अमेरिकन ब्लूजचा बुजुर्ग मडी वॉटर्स लंडनमध्ये रेकॉर्डिंग करत होता तेव्हा साथीला जी पोरं बोलावली त्यात हा तेवीस वर्षांचा रोरी होता. मडी वॉटर्स! ज्याच्या रेकॉर्ड ऐकून हा शिकला तो समोर बसलाय आणि हा त्याला साथ करतोय. आणि त्याच सेशनला ड्रमवर होता मिच मिचेल, म्हणजे हेंड्रिक्सचाच ड्रमर, घ्या, हेंड्रिक्सचा धागा पाहिजे होता ना, तो असा खराखुरा मिळतो.

किंवा क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याचं घ्या. क्वीन अजून व्हायची होती, ब्रायन विद्यार्थी होता, लंडनच्या मार्की क्लबमध्ये टेस्टचा कार्यक्रम बघायला गेला आणि संपल्यावर रेंगाळत राहिला. सगळे गेल्यावर रोरीला गाठून विचारलं की हा आवाज काढतोस कसा. रोरीनं काही लपवाछपवी केली नाही, दाखवलं, हा व्हॉक्सचा एसी थर्टी अ‍ॅम्प आणि ही रेंजमास्टर नावाची छोटी डबी, ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर उठवणारी, झालं. ब्रायननं तसलाच अ‍ॅम्प आणि तसलाच बूस्टर मिळवला, आणि आपण आज ज्याला क्वीनचा गिटारचा आवाज म्हणतो तो तिथून निघाला. हे ब्रायन मे स्वतः सांगत आलाय. आता सांग, टीशर्टवर कुठलं छापायचं.

पुस्तकात गिटारवर एक पूर्ण भाग असावा अशी माझी फार इच्छा आहे. ती गिटार अशी सोलवटलेली का दिसते? मुद्दाम तासली होती का? आणि ती आता कुठे आहे?

या प्रश्नाचीच मी वाट बघत होतो. नीट बसा, लांबण लावणार आहे.

ती फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, लाडानं स्ट्रॅट, इलेक्ट्रिक गिटार, 1961 ची, सनबर्स्ट रंगाची म्हणजे मधे पिवळट आणि कडेला काळसर होत जाणारी. ती आयर्लंडमध्ये आली तीच मुळात चुकून. रॉयल शोबँडच्या जिम कॉनलननं लाल रंगाची मागवली होती आणि आली ही. मग खरी लाल आली तेव्हा ही सेकंडहँड म्हणून कॉर्कच्या क्राउलीच्या दुकानात विकायला लागली, आणि 1963 ला पंधरा वर्षांच्या रोरीनं ती शंभर पौंडांना उचलली, हप्त्यावर. शंभर पौंड म्हणजे तेव्हा पोराटोरांचा आकडाच नव्हता. आईला पटवताना म्हणे यानं हिशोब मांडला की या गिटारवर मी लीड म्हणजे मुख्य सुरावट पण वाजवीन आणि रिदम म्हणजे ठेक्याची साथ पण, मग दुसऱ्या गिटारवाल्याला पैसे द्यायला नकोत, हप्ते लवकर फिटतील. आयरिश मंडळी अभिमानानं सांगतात की देशातली पहिली स्ट्रॅट हीच.

पुढे टेस्टच्या सुरुवातीच्या दिवसांत डब्लिनला ती चोरीला गेली. टीव्हीवर पोलिसांचा कार्यक्रम लागायचा त्यात पण तिची बातमी दिली, आणि काही दिवसांनी ती सापडली एका खड्ड्यात, पावसात भिजलेली, ओरखडे पडलेली. तेव्हा रोरीनं ठरवलं की आता ही कधी विकायची नाही आणि कधी रंगवायची पण नाही. त्यामुळे मुद्दाम तासली का याचं उत्तर आहे की मुद्दाम काही केलं नाही हेच त्यानं मुद्दाम केलं. बाकीचं काम घामानं. हा माणूस स्टेजवर दोन-दोन अडीच-अडीच तास भिजून चिंब व्हायचा, वर्षातले कित्येक महिने रोज, आणि तो घाम रंग खात गेला, खात गेला, शेवटी लाकूडच राहिलं आणि कडेला थोडे रंगाचे पापुद्रे. नेकनं, म्हणजे गिटारच्या मानेनं, तर एवढा घाम प्यायला होता की ती वाकली, मग काढून ठेवली, दुसरी लावली, आणि जुनी वाळून सरळ झाल्यावर परत तीच बसवली! खुंट्या बघा कधी फोटोत नीट, सहातल्या पाच स्पर्झेल कंपनीच्या आणि एक गोटोह कंपनीची, बदलली तेव्हा जी हाताशी होती ती लावली. नंतर फेंडरनं याच गिटारची नक्कल काढली, कारखान्यात बसून तेच ओरखडे, तसाच उडालेला रंग, सगळं मापात. मला ते बघून हसूच येतं, एका माणसाच्या तीस-बत्तीस वर्षांच्या घामाची फोटोकॉपी.

म्हणून मी म्हणतो की पुस्तकात या गिटारचे फोटो वर्षावार लावले पाहिजेत. 1963 ची, 1970 ची, 74 ची, 80 ची, 90 ची, शेजारी शेजारी. एक शब्द नाही लिहिला तरी चालेल. त्या लाकडावरच त्याचं चरित्र आहे सगळं, कुठे मनगट घासायचं, कुठे बोटं आपटायची, कुठे कोपर टेकायचा. रोरी इंटरव्ह्यूत लाजायचा, अर्धी वाक्यं गिळायचा, पण गिटारवर जे उमटलंय ते खोटं कसं बोलेल.

आणि आता कुठे आहे? 17 ऑक्टोबर 2024 ला लंडनला बोनम्समध्ये लिलाव झाला, त्यात कमिशन धरून 8,89,400 पौंडांना गेली. शंभर पौंडांची! लिलावाच्या आधी चाहत्यांचा जीव टांगणीला, की कुणी तरी करोडपती घेणार आणि तिजोरीत घालणार. पण घेतली ती आयर्लंडमधल्या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीनं आणि थेट आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. त्या रात्री मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

लिमिटेड एडिशन घ्यावी की साधी? लिमिटेडमध्ये नंबर घातलेला असतो, सही असते, खोकं असतं. आणि प्रीऑर्डर करावी की थांबावं?

सहीचं आधी बोलू. जिवंत कलाकार असेल तर सहीला अर्थ आहे. इंग्लंडमधली जेनेसिस पब्लिकेशन्स 1974 पासून हाच धंदा करते, जिमी पेजनं 2010 ला स्वतःचं फोटोंचं पुस्तक त्यांच्याकडून काढलं तेव्हा अडीच हजार प्रती होत्या आणि प्रत्येकावर त्याची सही. ठीक आहे, पेजनं अडीच हजार वेळा पेन उचललं, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. पण रोरी गेला 1995 ला. त्याच्या पुस्तकावर सही असेल तर ती फोटोग्राफरची, भावाची, बँडमधल्या कुणाची तरी. गेरी मॅकअ‍ॅव्हॉयनं वीस वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून बेस वाजवला, त्याची सही असेल तर मी पण विरघळेन. पण नुसतं खोकं आणि नंबर यासाठी तिप्पट-चौपट पैसे मोजायचे असतील तर जरा खिशाला विचारा.

आणि थांबण्याचा पण फायदा असतो बरं का. त्याच पेजच्या पुस्तकाची साधी आवृत्ती 2014 ला आली, फोटो तेच. चार वर्षं कळ काढली त्यांचं काही बिघडलं नाही. फक्त हे प्रत्येक वेळी होईलच याची गॅरंटी नसते, म्हणून साधी आवृत्ती पहिल्यापासूनच जाहीर असेल तर ती सरळ प्रीऑर्डर करून टाकावी, डोक्याला ताप नको.

पण मी काय बघतो सांगतो, तुम्ही पण बघा. बांधणी शिवलेली आहे का चिकटवलेली. फोटोंचं पुस्तक टेबलावर सपाट उघडलं पाहिजे, चिकटवलेलं असलं की दहाव्यांदा उघडताना पानं हातात येतात. दुसरं म्हणजे दोन पानांवर पसरलेले फोटो. डिझाइन करणाऱ्यांना त्याची फार हौस, पण गिटार वाजवणारा माणूस असतो आडवा, बरोबर मधे येतं गिटारचं पोट आणि ते जातं शिवणीत! मी अशी पुस्तकं बघितलीत ज्यात डावीकडे माणूस, उजवीकडे गिटारचं टोक, आणि ज्यासाठी पैसे दिले ते मधल्या दरीत. तिसरं, फोटोखाली तारीख आणि जागा आहे का. "स्टेजवर रोरी" असं लिहिलं असेल तर ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं, दिसतंय आम्हाला स्टेजवर आहे ते.

मागे एकदा मी दुसऱ्या एका गिटारवाल्याचं असंच मोठं पुस्तक मागवलं होतं, आलं तेव्हा चारही कोपरे चेपलेले, विकणाऱ्याला कळवलं तर म्हणाला आतली पानं चांगली आहेत ना. नाव कशाला घ्या. तेव्हापासून मी पार्सल उघडतानाच फोटो काढतो, तुम्ही पण काढा.

काका, मी नवऱ्याला न सांगता हे पुस्तक सरप्राइज म्हणून घ्यायचं ठरवलंय, पण मला शंका आहे त्यानं आधीच मागवलं असेल. विचारलं तर सरप्राइज जाईल. काय करू?

वहिनी, शंका कसली, मागवलंय त्यानं. बातमी आली त्या दिवशीच मागवलंय. तुम्ही त्याऐवजी आयरिश टूर 74 ची रेकॉर्ड द्या, डबल एलपी आहे. ती पण त्याच्याकडे असली तर मग एक चांगला चेक्सचा शर्ट घ्या, तो कितीही असले तरी चालतात.

मला जरा वेगळं विचारायचंय. रोरीच्या खासगी आयुष्याबद्दल कुणीच धड लिहीत नाही. लग्न नाही, मुलं नाहीत, शेवटची वर्षं एकटा हॉटेलात राहायचा, तब्येत ढासळलेली. नवीन पुस्तकानं हे सगळं उघड करायला नको का? फॅन म्हणून मला खरं कळायला पाहिजे.

तुमचं म्हणणं मला पटतंय पण आणि नाही पण. शेवटची वर्षं वाईट गेली हे काही गुपित नाहीये. यकृत निकामी झालं, लंडनला प्रत्यारोपण झालं, त्यातून सावरतोय असं वाटत असतानाच जंतुसंसर्ग झाला आणि 14 जून 1995 ला गेला, वय 47. कॉर्कला आणला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक उभे होते. हे पुस्तकात यायलाच पाहिजे, गुळगुळीत करून नाही, सरळ.

पण त्यापुढे जाऊन कुलूप फोडायचं म्हणाल तर मला तिथे काही सापडेल असं वाटत नाही. काही माणसांचं खासगी आयुष्य म्हणजे कामच असतं. डोनल हा त्याचा धाकटा भाऊ, मॅनेजर पण तोच, ड्रायव्हर पण तोच, आणि रोरी गेल्यावर सगळ्या टेपा आणि कागद सांभाळणारा पण तोच, पुढे डोनलचा मुलगा डॅनियल त्या टेपा साफ करून नव्याने काढायला लागला. म्हणजे घर आणि धंदा यात भिंतच नव्हती. रोरी फावल्या वेळात काय करायचा तर गुन्हेगारी कादंबऱ्या वाचायचा, डॅशियल हॅमेट, रेमंड चँडलर, त्यातलं गाण्यात उतरवायचा, 1987 च्या डिफेंडर अल्बममध्ये हॅमेटच्या गुप्तहेराच्या नावाचं गाणंच आहे. मला विचाराल तर पुस्तकात भानगडी शोधण्यापेक्षा त्याच्या कपाटातल्या त्या कादंबऱ्यांचा एक फोटो टाका, पिवळी पडलेली पानं, दुमडलेले कोपरे, कुठल्या ओळीखाली रेघ मारलीय ते. त्यातून माणूस जास्त कळेल.

आणि स्वभाव कळायला एक 1978 चा किस्सा पुरे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, पैसा ओतला, सगळं तयार. जानेवारीत तिथेच विंटरलँड हॉलला सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम बघायला गेला, तो त्या बँडचा त्या काळातला शेवटचा ठरला. पंकवाल्यांना बाकीचे जुने रॉकवाले नाकं मुरडत होते, हा मात्र बघून हलला, की अरे हा जोश आपल्या रेकॉर्डमध्ये कुठे आहे. आणि अल्बम रद्द! कंपनी तयार, भाऊ तयार, हा म्हणतो नाही. त्यात टॅक्सीच्या दारात अंगठा चेमटला आणि मोडला. मग परत आला, बँड छोटा केला, तिघंच ठेवले, जर्मनीत जाऊन नवीन अल्बम केला. तो रद्द केलेला अल्बम बाहेर आला 2011 ला, म्हणजे त्याच्या मागे सोळा वर्षांनी, डॅनियलनं नव्यानं मिक्स करून. मी ऐकलाय. चांगला आहे हो! मी असतो तर नसता रद्द केला, पण म्हणूनच मी प्रश्नोत्तरांचा कॉलम लिहितो.

स्टोन्सनी रोरीला बोलावलं होतं हे खरं का?

खरं. जानेवारी 1975, रॉटरडॅम. त्यांचा गिटारिस्ट मिक टेलर सोडून गेला होता, रोरी जाऊन काही दिवस त्यांच्याबरोबर वाजवून आला. मग त्याची जपानची टूर ठरलेली होती, तिकडे निघून गेला. जपानी लोकांनी तिकिटं काढलीत म्हणून रोलिंग स्टोन्सना सोडून जाणारा माणूस, अजून काय सांगू.

पुस्तक येईपर्यंत काय ऐकू? मी नवीन आहे, अल्बम एवढे आहेत की गोंधळ उडतो.

स्टुडिओपासून सुरू करू नका ही माझी एकच अट. बाकीच्यांचं उलटं असतं, पण रोरी लाइव्हमध्येच भेटतो. 1972 चा लाइव्ह इन युरोप घ्या. त्यात मधेच गिटार ठेवून तो मँडोलिन घेतो आणि पायाचा ठेका आणि लोकांच्या टाळ्या, त्यावर अख्खं गाणं. मग आयरिश टूर 74. त्यातलं अ मिलियन माइल्स अवे रात्री दिवा बंद करून ऐका, गिटारचा आवाज कमी कमी करत तो इतका खाली नेतो की तुम्ही श्वास रोखता, आणि मग भरतीसारखा परत वर. मग बघायला 1977 चं जर्मनीतलं रॉकपलास्ट, रात्रभर युरोपभर टीव्हीवर दाखवलेला कार्यक्रम, त्यात त्याला घामाघूम बघा म्हणजे गिटारच्या रंगाचं काय झालं ते डोळ्यांनी दिसेल. स्टुडिओतलं पाहिजेच असेल तर 1973 चा टॅटू आणि 1976 चा कॉलिंग कार्ड, हा दुसरा डीप पर्पल बँडच्या रॉजर ग्लोव्हरनं प्रोड्यूस केलाय. एवढं झालं की मग तुम्हाला माझी गरज नाही.

गिटार शिकत असाल तर एक करा, त्याचा सोलो स्लो करून उतरवत बसू नका सुरुवातीला. त्याचा उजवा हात बघा नुसता. पिक आणि बोट एकाच वेळी चालतं, मधेच पिकची कड तारेला घासून किंचाळणारा सूर काढतो, व्हॉल्यूमचं बटण करंगळीनं फिरवतो, आणि हे सगळं गाता गाता.

काका शेवटचा प्रश्न माझाच छापा प्लीज. पुस्तक हातात आलं की तुम्ही पहिलं पान कुठलं उघडणार?

छापला बघ. मी आधी मागची सूची उघडणार आणि त्यात बेलफास्ट शोधणार.

सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते, गोळीबार रोजचा, बाहेरचे बँड तिकडे फिरकेनासे झाले होते. विमा मिळत नव्हता, जिवाची भीती होती, त्यांना पण दोष देता येत नाही. रोरी मात्र जात राहिला, जवळजवळ दरवर्षी, नाताळ-नवीन वर्षाच्या आसपास, अल्स्टर हॉलमध्ये. तो स्वतः दक्षिणेतल्या कॉर्कचा, पण बँडमधला गेरी बेलफास्टचा, आणि हॉलमध्ये कॅथलिक पोरं पण आणि प्रोटेस्टंट पोरं पण, जी बाहेर एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकू शकत नव्हती. 1974 च्या त्या आयरिश टूरमध्ये पण बेलफास्ट होतं, टोनी पामरनं त्या टूरची फिल्म केली. 2025 च्या जानेवारीत त्याच अल्स्टर हॉलच्या बाहेर रोरीचा पुतळा बसवला.

स्टेजवरचे फोटो मी आयुष्यभर बघितलेत, पाठ आहेत. मला त्या हॉलमधल्या खुर्च्यांचे पाहिजेत. कॅमेरा उलटा फिरवलेला, रोरीच्या पाठीमागून, समोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, लांब केस, घामेजलेली, तोंडं उघडी, एकमेकांच्या खांद्यावर हात. एक जरी फोटो तसा असला ना, तर साधी आवृत्ती मागवलीय ती भाच्याला देईन आणि झक मारत खोकं असलेली घेईन.